विहिरीवरील स्त्री आणि वाचकाचा निवाडा : मराठी ख्रिस्ती गद्यातील कारुण्याचा एक विचार

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आपल्या अभ्यासक्रमांतून बहुधा दोन अंगांनी होतो. फादर स्टीफन्सच्या १६१६ मधील 'ख्रिस्तपुराणा'पासून ना. वा. टिळकांच्या 'ख्रिस्तायना'पर्यंतची काव्यपरंपरा हे एक अंग, आणि धर्मांतरितांची आत्मपर लेखने हे दुसरे. या दोहोंच्या मुळाशी असलेले एक मूल्य, दुसऱ्याचा निवाडा न करता त्याच्याविषयी कळवळा बाळगण्याचे, सर्वांनी गृहीत धरले आहे. परंतु ते मराठी गद्यात नेमके कसे उतरते, कोणत्या शब्दांच्या आधाराने उभे राहते आणि वाचकाकडून कशाची अपेक्षा करते, याची चर्चा क्वचितच झाली. प्रस्तुत लेखात ही चर्चा एका कथेच्या अनुषंगाने केली आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येणारी शोमरोनी स्त्रीची ही कथा. पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात तिला एक निश्चित स्थान आहे. आणि ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील विद्यार्थ्यांसमवेत ती वाचताना प्रस्तुत लेखकाला आपल्याच वाचनातील एक दोष ध्यानात आला, हे या लेखाचे निमित्त होय.

प्रथम शब्दांकडे वळू. 'दोष काढू नका' या आज्ञेसाठी मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, त्याचा मूलार्थ वेगळे करणे, निवडणे असा आहे. त्यावरून पुढे निर्णय देणे, दोषी ठरविणे हे अर्थ आले. मराठीतील 'निवाडा' हा शब्द 'निवडणे' या धातूशी नाते सांगतो, आणि म्हणूनच तो या क्रियापदाच्या फार जवळचा आहे. भाताच्या प्रदेशात हे नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सूप मांडीवर घेऊन खडे वेचणाऱ्या स्त्रीचा हात जे करतो, तेच न्यायासनावरील माणसाची बुद्धी करते. आपल्या प्रचलित बायबलने मात्र या ठिकाणी 'दोष काढणे' हा घरगुती वाक्प्रचार पसंत केला. त्याने आज्ञा सुबोध झाली, पण तिचा आवाका काहीसा आखडला, असे प्रस्तुत लेखकास वाटते. दोष काढणे म्हणजे सासूने सुनेच्या भाकरीत काढतात तसे खुसपट. निवाडा म्हणजे हा माणूस चांगल्यांत घालायचा की टाकाऊंत, याचा अखेरचा निर्णय. पहिली सवय वाईट असली तरी किरकोळ ठरते. दुसरी माणसाला माणसांतून उठविते.

याच्या विरुद्ध टोकाला 'कळवळा' हा शब्द आहे, आणि येथे अनुवादकांना मराठीने भरभरून दिले. जखमी वाटसरूला पाहणाऱ्या शोमरोन्याविषयी किंवा मेंढपाळाविना विखुरलेल्या समुदायाकडे पाहणाऱ्या येशूविषयी शुभवर्तमानात जे ग्रीक क्रियापद येते, ते आतड्यांच्या नावावरून बनले आहे. 'आतडे तुटणे', 'पोटात कालवणे' हे आपले वाक्प्रचार त्याचे जणू सख्खे भाऊबंद. कळवळा हा शब्द वारकरी संतांच्या वाणीने आधीच मुरविलेला होता. तुकोबांच्या अभंगांतून तो घराघरांत पोहोचला होता. त्यामुळे ख्रिस्ती अनुवादकांनी तो उचलला तेव्हा त्यासोबत एक संपूर्ण भावपरंपराच शुभवर्तमानात आली. वर्गात कळवळ्याची गोष्ट निघाली की कोणीतरी नाथांच्या कावडीतील गंगाजल पिणाऱ्या तहानलेल्या गाढवाची आठवण हटकून काढतो, ती यामुळेच.

आता कथेकडे. प्रवासाने थकलेला येशू सूखार या शोमरोनी गावाजवळ याकोबाच्या विहिरीपाशी बसतो. वेळ मध्यान्हीची. एक स्त्री पाण्यासाठी येते. तो तिच्याजवळ पाणी मागतो. यहुदी पुरुषाने शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागावे याचे तिला नवल वाटते, कारण दोन्ही समाजांत व्यवहार नव्हता. मग जिवंत पाण्याविषयी संभाषण होते. तो तिला नवऱ्याला बोलाविण्यास सांगतो. आपल्याला नवरा नाही असे ती म्हणते. तिला पाच नवरे झाले आणि आता ज्याच्यासोबत ती आहे तो तिचा नवरा नव्हे, हे तो सांगतो. त्यानंतर उपासना नेमकी कोठे करावी या तत्त्वाच्या प्रश्नावर दोघांची चर्चा होते. शेवटी ती घागर तेथेच ठेवून गावात जाते आणि लोकांना घेऊन येते.

रमाबाईंची या कथेशी गाठ पडली ती इंग्लंडमध्ये. १८८३ मध्ये त्या वाँटेज येथील भगिनीसंघाच्या आश्रयाला होत्या. लंडनजवळील फुलहॅम येथे या भगिनींनी चालविलेले, समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठीचे निवासस्थान त्यांना दाखविण्यात आले. अशा स्त्रियांची सेवा करण्यासाठी कुलीन स्त्रिया आयुष्य वेचतात, हे दृश्य रमाबाईंना सर्वस्वी अपरिचित होते. यामागचे कारण विचारले असता त्यांना ख्रिस्ताच्या आणि शोमरोनी स्त्रीच्या भेटीची हकिकत सांगण्यात आली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी या प्रसंगाला मध्यवर्ती स्थान दिले. ज्या शास्त्रांचे त्यांनी लहानपणापासून पठण केले होते, त्यांत अशा स्त्रीसाठी शिक्षेखेरीज काही नाही, हा विरोध त्यांच्या मनावर कायमचा कोरला गेला.

हे परिवर्तन किती मोठे होते, हे समजण्यासाठी त्यांचे 'स्त्रीधर्मनीति' हे १८८२ चे पुस्तक जवळ ठेवावे लागते. स्त्रियांची उन्नती हाच त्याचा हेतू. तरी त्याचा स्वर बराचसा उपदेशकाचा, आणि ठिकठिकाणी दोषदर्शकाचा आहे. स्त्रियांच्या अज्ञानाला, आळसाला, गबाळेपणाला स्त्रियाच जबाबदार आहेत, असे ते पुस्तक वाचताना वाटत राहते. याच लेखिकेने पुढे, दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलींना केडगावी आणल्यानंतर, १८९९ च्या सुमारास 'टाकलेल्या' स्त्रियांसाठी जे घर उभे केले त्याचे नाव 'कृपासदन' ठेवले. नावात त्या स्त्रियांविषयी एकही शब्द नाही, हे वाङ्मयाच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावे. त्या काळात सुधारकांच्या लेखणीतून 'पतिता', 'भ्रष्टा', 'वाकडे पाऊल पडलेली' ही विशेषणे किती सहजपणे येत असत! रमाबाईंनी दारावरच्या पाटीपुरते तरी विशेषण काढून टाकले. मुक्तिसदनातील शिस्त कडक होती, धर्मांतराच्या प्रश्नावरून शारदा सदनाच्या काळापासून त्यांच्यावर टीका झाली, आणि त्या टीकेतील सर्वच भाग द्वेषमूलक होता असेही म्हणता येत नाही. परंतु तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

येथवरचे विवेचन प्रस्तुत लेखक अनेक वर्षे वर्गात करीत आला. कथेचा अर्थही ठरलेला होता : एक पापी स्त्री, लाजेने भर दुपारी, कोणी नसताना पाण्याला येते, तिचे पाप ठाऊक असूनही ख्रिस्त तिला झिडकारीत नाही, हीच ख्रिस्ती करुणा. हा अर्थ प्रस्तुत लेखकाचा स्वतःचा नाही. शतकानुशतकांच्या प्रवचनांतून आणि टीकाग्रंथांतून तो आला आहे, आणि फुलहॅमच्या भगिनींनीही तो तसाच सांगितला असणार.

शहापूर आणि मुरबाड हे तालुके, पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाल्यानंतरही, ठाणे जिल्ह्यातच राहिले. वसईच्या किनाऱ्यावर आहे तशी जुनी ख्रिस्ती वस्ती येथे नाही. कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, वारली अशा समाजांतील मुले येथून महाविद्यालयांत येतात. त्यांच्या दृष्टीने शुभवर्तमानाची कथा हे परक्या धर्माचे पुस्तक नव्हे आणि आपल्याही धर्माचे नव्हे, अभ्यासाला नेमलेली एक गोष्ट एवढेच. असा वाचक दुर्मीळ असतो. त्याला अर्थ आधीच ठाऊक नसतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. तानसा (१८९२) आणि भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत आणि त्यांचे पाणी मुंबईला जाते. त्याच तालुक्यातील अनेक गावे-पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. कसाऱ्याच्या बाजूला किंवा मुरबाडच्या सह्याद्रीलगतच्या पाड्यांत चैत्र-वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागतो. तळाच्या झऱ्यातून पाणी वाटी-वाटीने साठते. ते साठले की बाईने खाली उतरून हंडा भरायचा, आणि पुढचीने पुन्हा साठण्याची वाट पाहायची.

एका वर्षी मी (येथे 'प्रस्तुत लेखक' म्हणणे सोडून देतो) नेहमीप्रमाणे विचारले, की ही स्त्री भर दुपारी का आली असावी? अपेक्षित उत्तर होते : लोकलाजेस्तव. डोळखांबच्या बाजूच्या एका गावातून येणाऱ्या विद्यार्थिनीने उत्तर दिले, की त्या वेळी तिचा नंबर आला असेल. वर्ग हसला. मीही हसलो. पण ती विनोद करीत नव्हती. वैशाखात बाया बारा वाजताही जातात आणि रात्री दोन वाजताही जातात. झऱ्याला पाणी असेल तेव्हा जातात. वेळेवरून बाईची चालचलणूक ओळखता येते, असे तिच्या गावात कोणी म्हणत नाही.

ग्रंथाकडे परत गेलो तेव्हा दिसले, की इतर स्त्रिया सकाळी येत असत आणि ही त्यांना चुकवून आली, असे योहानाने कोठेही म्हटलेले नाही. त्याने फक्त वेळ नोंदविली आहे, आणि तीही थकलेल्या येशूच्या संदर्भात. लाज आम्ही घातली.

मग पाच नवऱ्यांचा प्रश्न आला, आणि तेथे माझी अधिकच पंचाईत झाली. आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गीय मराठीत 'पाच नवरे' हा शब्दप्रयोग ऐकताच कान टवकारतात. परंतु ठाणे जिल्ह्यातील अनेक आदिवासी समाजांत नवरा मेल्यावर किंवा न पटल्यास काडीमोड होऊन स्त्रीने दुसरे घर करणे हे निंद्य मानले जात नाही. हुंड्याऐवजी वरपक्षाने देज देण्याची रीतही तेथे होती. त्या जगातून आलेल्या मुलांना ही संख्या मोठी वाटली, पण ती पापाची वाटली नाही. दुःखाची वाटली. एकाने विचारले, की पाचही मेले असतील तर? दुसऱ्याने विचारले, की पाचांनी टाकली असेल तर त्यात तिचा दोष कोणता?

हे प्रश्न भाबडे नाहीत. मोशेच्या नियमशास्त्रात सोडचिठ्ठी देण्याचा अधिकार पुरुषाकडे आहे. निपुत्रिक मेलेल्या भावाच्या विधवेशी दिराने विवाह करण्याची रीतही त्या समाजात होती, आणि सात भावांशी एकापाठोपाठ विवाह झालेल्या स्त्रीचे उदाहरण शुभवर्तमानातच वादासाठी मांडलेले आहे. तिला तेथे कोणी कुलटा म्हणत नाही. अलीकडच्या अनेक अभ्यासकांनी, विशेषतः स्त्रीवादी दृष्टीने बायबल वाचणाऱ्यांनी, शोमरोनी स्त्रीच्या बाबतीत नेमक्या याच गोष्टीकडे लक्ष वेधले आहे. या कथेत 'पाप' हा शब्द तिला उद्देशून एकदाही येत नाही. पुढे आठव्या अध्यायात व्यभिचाराच्या आरोपाखाली आणलेल्या स्त्रीला येशू जे सांगतो, तसे काही तो हिला सांगत नाही. तो तिला क्षमा करीत नाही, कारण क्षमा करण्याजोगे काही समोर आलेलेच नाही. तो तिच्या आयुष्याची वस्तुस्थिती सांगतो आणि ती सांगून थांबतो.

याचा अर्थ असा, की 'ख्रिस्ताने पापी स्त्रीवर करुणा केली' हे करुणेचे विधान उच्चारताना आम्ही अगोदर त्या स्त्रीचा निवाडा करून मोकळे झालो होतो. करुणेला पात्र ठरण्यासाठी तिला पतित करणे आम्हाला आवश्यक वाटले. हा दोष केवळ प्रवचनकारांचा नाही. दुसऱ्याविषयी कळवळा वाटण्याआधी त्याला एक पायरी खाली उतरविण्याची ही खोड मराठी सुधारणावादी गद्यात सर्वत्र आढळते, आणि आदिवासींविषयीच्या लेखनात तर ती विशेष बळावलेली दिसते. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरात प्रत्येक जातिजमातीला एकेका वाक्यात स्वभाव वाटून दिलेला आहे : अमुक कष्टाळू, तमुक व्यसनी, अमुक प्रामाणिक. तो उघड निवाडा. त्यानंतरच्या काळातील सहृदय लेखकांनी त्याच माणसांना भोळे, निष्पाप, निसर्गाची लेकरे म्हटले. हाही निवाडाच, केवळ शिक्का बदलला.

या वर्गात कातकरी समाजातील विद्यार्थी अभावानेच असे. त्याचे कारण आळस किंवा शिक्षणाविषयी अनास्था आहे, हे मत मी शिक्षकांच्या खोलीत अनेकदा ऐकले आहे, आणि फारसा विरोध न करता ऐकले आहे. दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. शाळेचे वर्ष आणि भट्टीचे वर्ष एकाच वेळी चालते. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ मध्ये झाला, पण उचल फिटेपर्यंत भट्टी सोडता न येण्याची अवस्था त्यानंतरही पुष्कळ वर्षे टिकून राहिली. हे सर्वांना माहीत होते. माहिती असूनही मत बदलत नव्हते, आणि याचे स्पष्टीकरण मला शोमरोनी स्त्रीच्या कथेतून मिळाले : वस्तुस्थिती आपल्याला ठाऊक असते, परंतु निवाडा तिच्यावरून केलेला नसतो, तो आधीच होऊन बसलेला असतो.

आता 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मचरित्र १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाले. शेवटचा भाग त्यांच्या मृत्यूनंतरचा. मराठीत निवाड्याविना लिहिलेले गद्य कसे असते हे दाखवायचे झाल्यास याहून चांगले उदाहरण मला सापडत नाही. त्याच्या विनोदाची स्तुती सर्वांनी केली आहे. हा विनोद कशामुळे शक्य झाला, याकडे मात्र दुर्लक्ष झाले.

आरंभीचे वडिलांचे चित्र पाहावे. सोवळ्याच्या वेडाने त्यांनी घरातील माणसांना सळो की पळो करून सोडले होते. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात यायची नाही. या छळाचे वर्णन करताना लक्ष्मीबाई काहीही लपवीत नाहीत. परंतु या वेडाच्या मागे १८५७ नंतरच्या धरपकडीत आजोबांना झालेली फाशी आणि तिने वडिलांच्या मनाला बसलेला धक्का आहे, हे त्या आधी सांगून ठेवतात. कारण सांगितले म्हणजे समर्थन केले असे नव्हे. वाचकाच्या मनात वडिलांविषयी राग यावा, हसू यावे आणि कणवही यावी, आणि या तिन्हींपैकी एकीने दुसरीला हुसकावून लावू नये, अशी ती योजना आहे. योजना म्हणणेही कदाचित चुकेल. त्या तशाच बोलत असाव्यात.

टिळकांचे चित्र याहून अवघड. न सांगता घर सोडून जाणारा, हाती आलेला पैसा वाटून टाकणारा, रागाच्या भरात वाटेल ते बोलणारा आणि शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेऊन पत्नीला जिवंतपणी वैधव्यासारखी अवस्था देणारा नवरा. जवळजवळ पाच वर्षांचा वियोग, नातेवाइकांचे टोमणे, मुलाची काळजी, हे सारे त्या लिहितात. टिळकांवर फिर्याद दाखल करण्यास याहून अधिक पुरावा कोणाला हवा? पुरावा संपूर्ण आहे, फिर्याद नाही. टिळकांना संत करून त्या पुराव्याचे ओझे हलके करण्याचा मोहही त्यांनी टाळला, आणि माझ्या मते ही अधिक कठीण गोष्ट होती. टिळकांच्या कवित्वाचे आणि भक्तीचे भोक्ते असलेल्या अनेक चरित्रकारांना ती साधली नाही.

आणखी एक बाब. निवाडा न करणारा लेखक स्वतःला बहुधा मोठ्या मनाचा ठरवून घेतो. लक्ष्मीबाई तसे करीत नाहीत, कारण स्वतःच्या निवाड्यांची हकिकत त्या तितक्याच खुलेपणाने देतात. पतीकडे परत आल्यानंतर ख्रिस्ती वस्तीत राहूनही त्यांनी आपले सोवळे निगुतीने सांभाळले होते. शेजारच्या माणसांच्या स्पर्शाविषयी, हातच्या पाण्याविषयी त्यांची जी भावना होती ती त्यांनी झाकून ठेवली नाही. जातिभेद देवाने केलेला नाही असे मनाशी पटल्यानंतर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या मोकळ्या झाल्या, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या प्रवासात पाणी पुन्हा आले. सूखारच्या विहिरीवर यहुद्याने शोमरोनी स्त्रीच्या भांड्यातून पाणी मागणे आणि नाशिकच्या गोखल्यांच्या लेकीने परक्या हातचे पाणी घेणे, या दोन कृती मराठी वाचकाला एकाच जातीच्या वाटतात. युरोपीय भाष्यकाराला यहुदी-शोमरोनी व्यवहारबंदी टीप देऊन समजवावी लागते. आपल्याकडे ती टीप लागत नाही, हे भूषणावह मात्र नव्हे.

याच ठिकाणी एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी पाणी प्राशन केले, ते कोणाच्या कळवळ्याची याचना करून नव्हे. ते हक्काने प्याले. त्यानंतरच्या दलित साहित्याने 'करुणा' या मूल्याकडे संशयाने पाहिले. करुणा करणारा वर उभा असतो आणि त्याची जागा कधी बदलत नाही, हे त्याचे सार. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे १९७० चे पुस्तक तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्याच तलासरी-डहाणू भागातील वारल्यांच्या लढ्याविषयी आहे. ते वाचलेल्या विद्यार्थ्याने मला विचारले, की कोणाचाही निवाडा करायचा नाही, तर सावकाराचाही करायचा नाही का?

या प्रश्नाला मी त्या दिवशी दिलेले उत्तर अपुरे होते. पापाचा द्वेष करावा, पापी माणसाचा नव्हे, असे काहीतरी मी सांगितले आणि तास संपल्याचे समाधान मानले. आज दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली अशी, की विहिरीवरील कथेत याचक कोण आहे हे पाहावे. तहान येशूला लागली आहे. भांडे तिच्याजवळ आहे, विहीर तिच्या गावची आहे, विहीर खोल आहे आणि पाणी काढायला त्याच्याजवळ काही नाही, हे ती त्याला ऐकवते. येथे वर उभा राहून देणारा कोणी नाही. दलित साहित्याने ज्या करुणेवर आक्षेप घेतला, ती ही नव्हे. आमच्या प्रवचनांनी जी करुणा या कथेत घुसडली, ती मात्र नेमकी तीच होती. म्हणजे आक्षेप योग्य आहे, आणि तो कथेवर नसून आमच्या वाचनावर आहे.

दुसरी गोष्ट अधिक अडचणीची. शुभवर्तमानात येशू केवळ नाडलेल्यांच्या पंगतीला बसत नाही. जकातदारांबरोबर जेवल्याबद्दल त्याच्यावर ठपका येतो, आणि जकातदार म्हणजे रोमी सत्तेसाठी आपल्याच लोकांची पिळवणूक करणारा मध्यस्थ. शहापूर-मुरबाडच्या भाषेत सांगायचे तर भट्टीसाठी उचल वाटणारा मुकादम, किंवा जुन्या काळचा जंगलखात्याचा शिपाई. कातकऱ्यांविषयी कळवळा वाटणे वर्गात बसलेल्या कोणालाही जमेल. मुकादमाच्या घरी जेवायला जाणे आणि तरी कातकऱ्यांच्या बाजूने राहणे, हे कसे साधावे? जक्कय नावाच्या जकातदाराच्या कथेत याचे उत्तर व्यवहारातच दिलेले आहे : येशू त्याच्या घरी उतरतो, आणि तो अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे कबूल करतो. निवाडा कोणी सुनावला नाही, पण हिशेब झाला. परुळेकरांच्या वाचकाला हे पुरेसे वाटणार नाही. जक्कय स्वतःहून परत करतो. सावकार सहसा करीत नाही. कायदा, संघटना, मोर्चा यांची गरज कळवळ्याने संपत नाही, आणि 'निवाडा करू नका' ही आज्ञा न्यायालये बंद करण्यासाठी दिलेली आहे असे कोणत्याही जबाबदार भाष्यकाराने म्हटलेले नाही. तरीही, कृतीचा निवाडा करणारी न्यायसंस्था आणि माणसाचा निवाडा करणारी जीभ या दोहोंतील भेद आपल्या टीकावाङ्मयातसुद्धा किती क्वचित पाळला जातो, हे आत्मचरित्रांवरील आपले शोधनिबंध चाळले तरी समजेल. 'लेखकाची अप्रामाणिकता', 'लेखिकेचा आत्मगौरव' अशा मथळ्यांची त्यांत उणीव नाही.

भाषेचा एक धागा राहिला. मूळ ग्रीक पाठात या विहिरीसाठी दोन शब्द आलटून पालटून येतात, एक झऱ्याचा आणि दुसरा खणलेल्या विहिरीचा. भाष्यकारांनी त्यावर बराच खल केला आहे. तळाशी झरा असलेली खणलेली विहीर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यात कोडे दिसत नाही. 'जिवंत पाणी' या शब्दांचेही तसेच. ग्रीकमध्ये त्याचा साधा अर्थ वाहते पाणी असा होतो, आणि म्हणूनच त्या स्त्रीचा गैरसमज होतो. मराठीतही न आटणाऱ्या झऱ्याला आपण 'जिवंत झरा' म्हणतो; मुरबाडकडील एखादी स्त्री हे संभाषण ऐकेल तर तीही प्रथम हेच विचारील, की असा झरा आहे तरी कुठे? तिच्या प्रश्नाला अनेक भाष्यांनी आध्यात्मिक जडत्वाचे लक्षण मानले. रोज पाणी वाहून मान मोडलेल्या बाईने पुन्हा येथवर यावे लागू नये अशी इच्छा धरली, तर तीत जडत्व ते कसले?

पुढील वर्षी मी प्रश्नपत्रिकेतील शब्द बदलला. पूर्वी 'शोमरोनी पतितेच्या कथेतून व्यक्त होणारी करुणा' असे असे. त्याऐवजी 'शोमरोनी स्त्रीच्या कथेतील संवाद' असे लिहिले. उत्तरपत्रिकांत फार फरक पडला नाही. बाजारी मार्गदर्शिकेत जुनाच शब्द होता, आणि बहुतेकांनी तो तसाच उतरविला होता. एका उत्तरात मात्र शेवटच्या प्रसंगाविषयी काही ओळी होत्या. स्त्री घागर विहिरीवर सोडून गावात जाते, त्याचा अर्थ तिने जुने आयुष्य मागे टाकले असा सर्वत्र सांगितला जातो, आणि वर्गात मीही तोच सांगितला होता. या विद्यार्थिनीने लिहिले होते, की आमच्याकडे बाई घरी काही काम निघाले तर हंडा विहिरीवरच ठेवून जाते. हंडा असला म्हणजे तिचा नंबर जात नाही, आणि ती परत येणार आहे हे बाकीच्या बायांना कळते.